कानात राहिलेले कोल्हापूर

आवडते गाणे कानावर पडले की त्याच्याबरोबर एखादे घर, एखादे माणूस, कधी त्या दिवशीचा पाऊसही परत येतो. जुने छायाचित्र पाहूनही आठवण येते, पण गाण्याने आलेली आठवण बहुधा न बोलावता येते आणि त्या वेळच्या भावनेसकट येते. अमेरिकेतील संशोधक पेटर जनाटा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तरुणपणीची गाणी ऐकत असलेल्या लोकांच्या मेंदूतील हालचाल नोंदवली. कपाळामागच्या मध्यभागात सुरांची वाटचाल, स्वतःच्या आयुष्यातील आठवण आणि भावना या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, असे त्यात दिसले. गाणे आणि प्रसंग एकदा असे जोडले गेले की पुढे अनेक वर्षांनी नुसता सुरुवातीचा वाद्यमेळही पुरतो.

ही जोडणी कोणत्या गाण्याशी होते, हे मात्र केवळ गाण्याच्या गुणांवर ठरत नाही. ते किती वेळा, कोणत्या वयात आणि कोणाच्या सोबत ऐकले, यावर ते फार अवलंबून असते. हे पाहायला कोल्हापूर चांगले गाव आहे, कारण इथे गाणी ऐकली गेली तशीच ती घडलीही. सुधीर फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी इथलाच. गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे सुरू झाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट, गोविंदराव टेंबे यांच्या संगीतासह, इथेच तयार झाला. लता मंगेशकर यांच्या उमेदवारीची काही वर्षे मास्टर विनायक यांच्या कंपनीत याच गावात गेली.

पुन्हापुन्हा ऐकण्याचा परिणाम काय होतो, याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण फडक्यांच्याच नावावर आहे. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि फडक्यांनी चाली दिलेले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत. ते शुक्रवारी सकाळी लागे आणि शनिवारी, रविवारी त्याच वेळी पुन्हा ऐकवले जाई. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. एक गीत तीनदा ऐकायचे आणि मग पुढच्यासाठी चार दिवस थांबायचे, ही योजना स्मरणाच्या दृष्टीने अतिशय नेमकी होती. परिचयाने आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी मांडले. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की गाण्यातील आवडती जागा येण्याआधी, नुसत्या तिच्या प्रतीक्षेतच, मेंदूत डोपामिन स्रवू लागते. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती माणसे शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसत. म्हणून त्या पिढीच्या मनात गीतरामायण हे एकट्याने ऐकलेले गाणे म्हणून क्वचितच असते. त्यात ओसरी असते, शेजारी असतात.

वयाचा मुद्दा तितकाच मोठा आहे. साधारण दहा ते पंचविशी या काळात ऐकलेली गाणी आयुष्यभर सर्वांत ठळक राहतात. या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच घडतात: पहिली मैत्री, गाव सोडणे, पहिली नोकरी, लग्न. ‘मी कोण’ याचे उत्तरही माणूस तेव्हाच शोधत असतो आणि हाताशी असलेली गाणी त्या उत्तराचा भाग बनतात. कोल्हापूर परिसरात ज्यांची ती वर्षे १९६० ते १९७५ च्या दरम्यान आली, त्यांच्या आठवणींत जगदीश खेबुडकर नाहीत असे सहसा होत नाही. हळदीसारख्या खेड्यात १९३२ मध्ये जन्मलेले, पेशाने शिक्षक असलेले हे कवी. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत घर जळाले आणि त्या राखेकडे पाहून सोळाव्या वर्षी त्यांनी पहिली दीर्घ कविता लिहिली. पुढे ३०० हून अधिक चित्रपटांसाठी त्यांनी गीते लिहिली, तीही लावणीपासून प्रार्थनेपर्यंत सर्व प्रकारची. १९७२ च्या ‘पिंजरा’तील लावण्या ज्यांनी चित्रपटगृहात ऐकल्या, त्यांची मुले त्या घरातल्या टेपवर ऐकत मोठी झाली आणि नातवंडांना त्या लग्नाच्या वरातीत भेटल्या. आईवडिलांच्या तरुणपणची गाणी मुलांनाही स्वतःच्या आठवणींसारखी जवळची वाटतात, असे कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना २०१३ च्या अभ्यासात आढळले. घरात कोणाच्या आवडीचे गाणे लागते, याला म्हणूनच महत्त्व आहे. तो वारसाच असतो.

रेडिओ आणि चित्रपटांच्या आधीच्या काळात गाणे कामाला बांधलेले होते. पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास हे सारे त्यात येई, आणि खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे सरके. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली आणि ओव्यांना बसायला जागा उरली नाही. ज्या कृतीबरोबर गाणे शिकले जाते ती कृती हाच त्याच्या आठवणीचा दोरा असतो. नुसते ‘ओवी सांगा’ म्हटले तर अडखळणारी आजी जात्याचा खुंटा हातात आला की सहज म्हणू लागते. कामाचे हे नाते चित्रपटगीतानेही जपले. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या ‘साधी माणसं’मध्ये लोहार जोडप्याच्या तोंडी ऐरणीला उद्देशून प्रार्थना आहे. शब्द खेबुडकरांचे, आवाज लता मंगेशकरांचा आणि ‘आनंदघन’ या नावाने चालही त्यांचीच. लोहाराची भट्टी कधी न पाहिलेल्या माणसालाही ती आपल्या कष्टांची वाटते.

मनःस्थिती आणि सूर यांचे नाते भारतीय संगीताने फार पूर्वीच बारकाईने पाहिले आहे. पहाटेचा भैरव, संध्याकाळचा मारवा अशी रागांची वेळ ठरलेली असते, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात दिवसाचा प्रहर आणि सूर एकमेकांत मुरतात. कोल्हापुरात ही जाण शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढली. अल्लादिया खाँ दरबारात आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबने तिला श्रोते मिळवून दिले. उदास गाणे माणूस आवर्जून का ऐकतो, या प्रश्नाचे एक उत्तर करुण रसाच्या कल्पनेत आहे: प्रत्यक्षातले दुःख छळते, कलेतले दुःख आस्वाद देते. २०१४ मध्ये सातशेहून अधिक श्रोत्यांच्या पाहणीत लिला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांना आढळले की उदास संगीताने सर्वाधिक वेळा जागी होणारी भावना दुःखाची नसून गतकाळाच्या ओढीची असते.

याच्या दुसऱ्या टोकाला हलगी आहे. खासबाग मैदानात पैलवान उतरताना तिचा ठेका सुरू झाला की पाहणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. तिथे शब्द नाहीत, चाल नाही, तरी तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला तेवढा ठेकाही लहानपणात नेऊन सोडतो.

गाण्याच्या या ताकदीचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हातारपणी होतो. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या घटना, नातेवाइकांची नावे पुसट होतात, पण ओळखीच्या चाली पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत टिकून राहतात. गाण्याने आजार बरा होत नाही. अस्वस्थता कमी होणे, डोळ्यांत ओळख दिसणे, शेवटचा शब्द स्वतः पुरा करणे हेच त्याचे फळ, आणि घरच्यांना ते फार मोठे वाटते. त्यासाठी गाणी निवडताना घरच्यांनी आपली आवड बाजूला ठेवावी. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्या माणसासाठी १९५५ ते १९७० मधली गाणी शोधावीत: रेडिओवरची भावगीते, नाट्यपदे, गावातले भजन, शाळेतली प्रार्थना. माणूस अजून सांगू शकतो तोवरच त्याला विचारून यादी लिहून ठेवावी आणि प्रत्येक गाण्यापुढे ते कुठे, कोणाबरोबर ऐकले हेही टिपावे. आवाज मध्यम असावा, एका वेळी दोन-तीनच गाणी लावावीत आणि सोबत कोणीतरी गुणगुणावे. काही गाण्यांना मृत्यू किंवा ताटातूट चिकटलेली असते. चेहरा आक्रसला, हात घट्ट मिटले, तर ते गाणे तिथेच थांबवून यादीतून काढून टाकावे.