एक कोटीचा आकडा आणि समुद्र नसलेले हैदराबाद

पर्यटनस्थळी येणाऱ्यांची संख्या वाढली किंवा घटली की तिची कारणे सहसा त्या स्थळीच शोधली जातात. किनारा अस्वच्छ झाला का, खोल्यांचे भाडे वाढले का, टॅक्सीवाले अडवणूक करतात का, याची चर्चा होते आणि ती आवश्यकही असते. मात्र पर्यटक ज्या शहरातून निघतो तेथे काय बदलले, कोणाच्या हाती पैसा आला, सुट्टी कधी मिळू लागली, विमानाची सोय केव्हा झाली, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. गोव्याच्या किनाऱ्यावरील गर्दीचा गेल्या चार दशकांतील इतिहास समजून घ्यायचा असेल, तर तो पणजीइतकाच हैदराबादसारख्या, दख्खनच्या पठारावर वसलेल्या आणि दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातूनही पाहावा लागतो.

गोव्याच्या पर्यटन खात्याच्या नोंदींनुसार १९८५ साली राज्यात सुमारे ७.७५ लाख पर्यटक आले आणि त्यांपैकी सुमारे ९३ हजार विदेशी होते. २००० साली एकूण संख्या १२.६८ लाख आणि विदेशी पर्यटकांची संख्या २.९२ लाख होती. २०१० साली हेच आकडे अनुक्रमे २६.४४ लाख आणि ४.४१ लाख झाले, तर २०१९ साली एकूण ८०.६४ लाख पर्यटकांपैकी ९.३७ लाख विदेशी होते. त्यानंतर कोविडची साथ आली, २०२० साली एकूण संख्या तीस लाखांच्या आत आली आणि २०२१ साली तर विदेशी पर्यटक अवघे २२ हजारांच्या आसपास उरले. पुढची उसळी मात्र तितकीच तीव्र होती: २०२३ साली ८६ लाख आणि २०२४ साली सुमारे १ कोटी ४ लाख. या शेवटच्या आकड्यात विदेशी पर्यटक ४.६८ लाख, म्हणजे २०१९च्या निम्मे.

या आकड्यांवरून ‘विदेशी गेले, देशी आले’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि त्याचा दोष कोविडवर टाकला जातो, परंतु टक्केवारी काढून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. २००० साली दर शंभर पर्यटकांमागे २३ विदेशी होते. २०१० साली ते १७च्या आसपास आले आणि २०१९ साली, म्हणजे साथीपूर्वीच, १२वर उतरले, जरी त्याच काळात विदेशी पर्यटकांची प्रत्यक्ष संख्या तिप्पट झाली होती. २०२४ साली हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली गेले. याचा अर्थ असा की गोव्याच्या ग्राहकवर्गातील स्थित्यंतर साथीच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि साथीने ते फक्त उघड्यावर आणले. विदेशी पाहुणा नाहीसा होत गेला म्हणून देशी पाहुणा दिसू लागला असे घडले नाही, तर देशी पाहुणा इतक्या वेगाने वाढला की विदेशी पाहुणा वाढत असतानाच अल्पसंख्य ठरला.

हा आकडा तयार कसा होतो, हेही येथे समजून घेणे इष्ट ठरेल, कारण पर्यटकांची मोजणी जनगणनेसारखी घरोघर जाऊन होत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार आपल्या नेहमीच्या वास्तव्याच्या जागेबाहेर किमान एक रात्र मुक्काम करणारा तो पर्यटक. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा तो एकदिवसीय अभ्यागत, आणि त्याची गणना स्वतंत्रपणे करावयाची असते. मुक्काम हाच निकष असल्याने आकड्याचा मुख्य आधार हॉटेले आणि अतिथिगृहे यांच्या नोंदी हा असतो. विदेशी पाहुण्याबद्दल तर मालकाला ठरावीक तक्ता भरून परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयास कळवावे लागते, त्यामुळे ती बाजू तुलनेने पक्की असते. देशी पर्यटकाच्या बाबतीत असे बंधन नाही. जो नातेवाइकाच्या घरी उतरतो, नोंदणी न केलेल्या बंगल्यात राहतो किंवा स्वतःच्याच विकत घेतलेल्या दुसऱ्या घरात येतो, तो या मोजणीतून निसटतो. उलट जो चार दिवसांत दोन हॉटेले बदलतो तो दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो, आणि जो वर्षातून तीन वेळा येतो तो तीन पर्यटक म्हणून गणला जातो, कारण मोजल्या जातात त्या भेटी, माणसे नव्हेत. २०१० साली २६ लाखांवर असलेला आकडा २०१५ साली दुप्पट होऊन ५३ लाखांवर पोहोचतो, तेव्हा खरोखर पर्यटक किती वाढले आणि नोंदीची व्याप्ती किती वाढली, ही शंका अभ्यासकाने घ्यायलाच हवी.

हैदराबाद आणि समुद्र यांचा संबंध या पर्यटनाहून फार जुना आहे, किंबहुना समुद्र गमावणे हा या शहराच्या राजकीय इतिहासातील एक मोठा धागा आहे. कुतुबशाहीच्या काळात गोवळकोंड्याचे बंदर पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टण येथे होते, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीच डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी तेथे वखारी घातल्या होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाने मछलीपट्टण आणि पाठोपाठ उत्तर सरकार म्हणून ओळखला जाणारा किनारी मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, आणि मराठवाड्यासह पसरलेले हैदराबाद संस्थान चारही बाजूंनी जमिनीने वेढले गेले. संस्थानाच्या अखेरच्या पर्वात, १९४७-४८ साली, शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याच्या खटपटीत बंदर मिळवण्यासाठी थेट पोर्तुगिजांकडून गोवा विकत घेण्याची कल्पना पुढे रेटली होती आणि त्यासाठी मध्यस्थांमार्फत लिस्बनशी संधानही बांधले होते. मुरगाव बंदर हा त्या कल्पनेचा गाभा होता. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईने ती कल्पना कायमची संपली, आणि गोवा मुक्त होण्यास पुढे १९६१चा डिसेंबर उजाडावा लागला. जे निजामाला खजिना ओतूनही साधले नाही, ते त्याच्या राजधानीतील मध्यमवर्गाने शुक्रवारी रात्रीच्या तिकिटावर साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.



या मध्यमवर्गाची घडण गेल्या पाव शतकातील आहे. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिली आणि तिच्याभोवती पुढील काळात हायटेक सिटी, गच्चीबावली हा परिसर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी भरून गेला. या व्यवसायाने शहराला दोन गोष्टी दिल्या: तरुण वयात हाती येणारा पगार आणि शनिवार-रविवारची जोडसुट्टी. तिसरी गोष्ट विमानतळाने दिली. २००८च्या मार्चमध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला, आणि स्वस्त विमानसेवांच्या विस्तारामुळे, रस्त्याने रात्रभर चालणारा गोव्याचा प्रवास दीड तासाच्या आत आला. ५ जानेवारी २०२३ रोजी पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा तेथे उतरलेले पहिले विमान हैदराबादहून आलेले होते. दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाने उभारलेले असल्याने हा योग सूचकही ठरतो. ज्यांना विमान परवडत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४पासून सिकंदराबाद ते वास्को अशी आठवड्यातून दोन वेळा धावणारी स्वतंत्र गाडी सुरू झाली, जी कर्नूल, गुंतकल, हुबळी, लोंढा या मार्गाने घाट उतरून मडगावला पोहोचते. मार्च २०२४मध्ये सेवा सुरू केलेल्या फ्लाय९१ या कंपनीने आपल्या आरंभीच्या मार्गांत हैदराबाद-सिंधुदुर्ग ही जोडणी घेतली, ही कोकणासाठी लक्षणीय घटना होय.

पाहुणा बदलला की हंगामही बदलतो. गोव्याचा जुना हंगाम विदेशी पाहुण्याने ठरवलेला होता: युरोपातील थंडी टाळण्यासाठी तो ऑक्टोबरअखेर येई आणि मार्चनंतर परते, म्हणून किनाऱ्यावरील शॅक, म्हणजे दरवर्षी परवान्याने उभारली जाणारी आणि पावसापूर्वी मोडली जाणारी तात्पुरती उपाहारगृहे, याच चक्राने चालत आली. देशी पाहुण्याचे पंचांग निराळे आहे. शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात, तेलंगणात दसऱ्याच्या आगेमागे बतुकम्मा या सणासह लांब सुट्टी मिळते, आणि पावसाळ्यात दर कमी असल्याने जुलै-ऑगस्टमधील जोडसुट्ट्याही भरतात. त्यामुळे पर्यटन बारमाही झाले खरे, पण ते आठवड्याच्या आत आकसले: शुक्रवार ते रविवार कळंगुट, बागा येथे पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी तेथीलच मालक ओस पडल्याची तक्रार करतो. दोन्ही चित्रे खरी असतात, आणि वार्षिक बेरजेत दोन्ही सत्ये बुडून जातात.

येथेच रात्रींचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. समजा, एक लाख पाहुणे प्रत्येकी दहा रात्री राहिले, तर दहा लाख मुक्कामी रात्री होतात. त्यांच्या जागी तीन लाख पाहुणे प्रत्येकी तीन रात्री राहिले, तर संख्या तिपटीने वाढूनही रात्री नऊ लाखच भरतात. खोल्या कमी विकल्या जातात, पण विमानतळावरील ये-जा, टॅक्सीच्या फेऱ्या आणि रस्त्यावरील भाड्याच्या मोटारी तिपटीने वाढतात. गोव्यात ‘पर्यटन कोसळले’ आणि ‘पर्यटनाने उच्चांक गाठला’ ही दोन्ही विधाने एकाच वर्षी, एकाच समाजमाध्यमावर, सारख्याच तावातावाने का केली जातात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हिशेबात आहे.

विदेशी पाहुणा का घटला याची कारणे अनेक आहेत. पूर्वी तो बहुतांशी चार्टर विमानांनी, म्हणजे प्रवास कंपन्यांनी हंगामापुरत्या ठरवून घेतलेल्या विमानांनी येत असे, आणि ब्रिटन व रशिया हे त्याचे मुख्य देश होते. २०१४ साली रुबल घसरला, सप्टेंबर २०१९मध्ये ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी प्रवास कंपनी बुडाली, २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा मिळणे डिसेंबरपर्यंत बंद होते. जगात अन्यत्रही असेच घडले आहे: ब्लॅकपूलसारख्या इंग्रजी किनारी शहरांचा गिऱ्हाईकवर्ग १९६०-७०च्या दशकांत स्वस्त विमानांनी स्पेनला नेला, आणि १९८०नंतर त्याच वर्गाचा एक भाग चार्टरने गोव्याला आला. आता भारतीय पर्यटकही तसाच सैल आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला, आणि गोव्याच्या हॉटेलातील खोलीचे दर पाहून हैदराबादचा तरुण बँकॉकच्या तिकिटाची चौकशी करू लागला, यात आश्चर्य नाही.

कॅनडातील भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० साली पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचा सिद्धांत मांडला. त्यानुसार स्थळ प्रथम मोजक्या भटक्यांना सापडते, मग स्थानिक लोक सोयी करतात, मग बाहेरचे भांडवल येते, आणि पुढे पाणी, जागा, रस्ते यांची धारणक्षमता संपत आली की वाढ थबकते. त्यानंतर एकतर उतार लागतो किंवा स्थळ नवे रूप घेते. हणजूणचे हिप्पी, १९८३ साली झालेली राष्ट्रकुल प्रमुखांची बैठक आणि १९८५-८६पासूनची चार्टर विमाने हे पहिले टप्पे गोव्यात स्पष्ट दिसतात. धारणक्षमतेचे माप मात्र सोपे आहे: २००० साली गोव्यात दर रहिवाशामागे वर्षाला एकही पूर्ण पर्यटक येत नव्हता, आणि २०११च्या जनगणनेतील १४.५८ लाख लोकसंख्या धरली तर २०२४ साली दर रहिवाशामागे सात येत होते. कचरा, पिण्याचे पाणी आणि गावातील अरुंद रस्ते या सातांच्या हिशेबाने आखलेले नाहीत.

तरीही पर्यटन खात्याच्या वार्षिक तक्त्याचे मुख्य रकाने अजून देशी, विदेशी आणि एकूण असे तीनच आहेत. शंभरातील पंच्याण्णव माणसे ज्या रकान्यात बसतात त्या रकान्याचे शहरवार आणि मुक्कामाच्या रात्रींनुसार विभाजन दरमहा प्रसिद्ध व्हायला हवे, कारण गोव्याच्या पुढील हंगामाचा अंदाज आता मॉस्को आणि मँचेस्टरपेक्षा हैदराबाद, बंगळुरू आणि पुणे येथील पगार, विमानभाडे आणि शाळांच्या सुट्ट्या पाहूनच बांधावा लागणार आहे.