खडकातील तेलाची पारख

बंगळूरच्या लालबागेतील टेकडी सुमारे ३०० कोटी वर्षे जुन्या पट्टिताश्म नावाच्या खडकाची आहे. या खडकात छिद्रे जवळजवळ नसतात. शहरातील विंधणविहिरींना पाणी लागते ते त्याच्या भेगांतून. याउलट, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालील चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत खनिज तेल साठलेले आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत ते सापडले.

खोलवरच्या छिद्रांत तेल आहे की पाणी, हे ओळखण्यासाठी विहिरीत उपकरण सोडून खडक विजेला किती रोध करतो, ते मोजतात. ही पद्धत १९२७ साली फ्रान्समध्ये प्रथम अमलात आली. खारे पाणी वीज वाहून नेते. तेल तिला अडविते. मग रोध जास्त आढळला की तेल आहेच, असे मानावे काय? नाही. लालबागेतील अखंड पट्टिताश्मही विजेला मोठा रोध करील; कारण त्यात वीज वाहून नेणारे पाणीच अत्यल्प असते.

म्हणून खडकाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग मोजून त्याची सच्छिद्रता निराळी काढतात. सच्छिद्रता व रोध यांवरून छिद्रांतील पाण्याचा वाटा ठरविण्याचे सूत्र आर्ची यांनी १९४२ साली मांडले. १०० घनमीटर खडकात २० घनमीटर छिद्रे असून त्यांपैकी ५ घनमीटर पाण्याने व्यापली असतील, तर तेल वा वायू यांस १५ घनमीटर जागा उरते.

तथापि छिद्रे परस्परांस जोडलेली नसतील, तर हे तेल विहिरीपर्यंत वाहणार नाही. यास्तव विहिरीतून काढलेले खडकाचे नमुनेही प्रयोगशाळेत तपासतात. एकाच मोजमापावर विसंबणारा फसतो. अनेक मोजमापांचा मेळ बसला, म्हणजेच खडकाची पारख पुरी होते.