हरणाची रायफल आणि फोर्ट विल्यमची फूटपट्टी

लेखमाला : नळी आणि नेम (भाग ९)

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या एका वाचकांनी विचारलं आहे : तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, ऑफिसातले सहकारी सोबत चल म्हणतात, तर रायफल घ्यायची ती किती इंची नळीची आणि कोणत्या कॅलिबरची? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न कुणी उघडपणे विचारत नाही. चितळावर बार काढणारा आज शिकारी ठरत नाही, आरोपी ठरतो. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचा माग काढत मी जाऊन पोचलो तो थेट कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपाशी.

या किल्ल्याकडे बघताना मराठी माणसाला जरा गंमत वाटावी. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज जोडीने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तोही पेशव्यांशी संगनमत करून. पुढच्याच जानेवारीत हे दोघे हुगळी नदीत शिरले आणि नवाब सिराजउद्दौल्याकडून त्यांनी कलकत्ता परत घेतलं. प्लासीनंतर क्लाइव्हने नवा किल्ला बांधायला काढला, तोच आजचा. तिथे आता लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे, आणि लष्कराने अलीकडे त्याचं नामकरण केलं ते नेमकं ‘विजय दुर्ग’. सेंट जॉर्ज दरवाजाही आता शिवाजी दरवाजा झाला आहे. किल्ला बांधताना गोविंदपूर गाव उठवलं, रान तोडलं आणि सभोवार मोकळं मैदान राखलं, तोफेच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून. कलकत्तेकर आज जिथे फुटबॉल खेळतात ते मैदान म्हणजे मुळात नेमासाठी मोकळी ठेवलेली जागा.

राजधानी दिल्लीला जाईपर्यंत हिंदुस्थान सरकारचे हुकूम ‘फोर्ट विल्यम’ असा मथळा मिरवत निघायचे. हरणासाठी कोणतं काडतूस चांगलं, याचा निकाल खरं तर हरणाच्या हाडामांसावरून लागायला हवा. आपल्याकडे तो बराचसा असल्या हुकमांनी लावला.

आधी मापाचा घोळ निस्तरू. ‘बारा बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती नळी. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. रायफलीत हिशेब सरळ व्यासाचा, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. तरीही ‘थ्री नॉट थ्री’ची गोळी मोजाल तर .३०३ इंच भरत नाही, .३११ च्या आसपास भरते. नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. .३०३ हे खाचांमधल्या उंचवट्यांवरचं माप, आणि गोळी त्या खाचांत रुतून गरगरत बाहेर पडते. कॅलिबर हे असं थोडं मोजमाप, थोडं बारशाचं नाव.

थ्री नॉट थ्री ही फौजेची गोळी, म्हणून सामान्य माणसाला बंद. १९०७ च्या सुमारास .४५० च्या शिकारी रायफलींवरही बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीही त्याच मापाच्या होत्या आणि ही काडतुसं भलत्या हातांत पडतील अशी सरकारला धास्ती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी कायद्याच्या कडेकडेने .४७० आणि .४६५ अशी मापं काढली. वाघ-गव्याच्या मोठ्या रायफलींचे हे प्रसिद्ध आकडे निघाले ते एका बंदीपायी. सरकारची धास्ती अगदीच पोकळ नव्हती म्हणा. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा माल जकात कचेरीतून बैलगाड्यांवर निघाला आणि एक गाडी मधल्या मध्ये क्रांतिकारकांनी गुल केली. त्यात ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती.

हिंदी परवानेदाराच्या वाट्याला आली ती .३१५. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखरचं, ८ मिलिमीटरचं; रायफल मात्र फौजेच्या ली-एनफिल्डच्याच घाटाची. गोळी जड आणि चालीला संथ. शंभर-सव्वाशे यार्डांत चितळ काय, सांबरही पाडील. त्यापुढे ती खाली झुकू लागते. स्वातंत्र्यानंतर हेच माप आपल्या आयुध कारखान्यांनी चालू ठेवलं, आणि निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या परवान्याच्या रायफलींत ते आजही दिसतं.

उलट उदाहरण जिम कॉर्बेटचं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना भेट मिळालेली .२७५ ची रिग्बी कलकत्त्याच्या मॅन्टन कंपनीतून घेतलेली होती. .२७५ म्हणजे जर्मन ७ मिलिमीटर माउझरचं इंग्रजी बारसं. गोळी बारीक पण लांबुळकी, म्हणून आत खोल जाते. आणि खांद्याला धक्का इतका बेताचा की घोडा ओढताना डोळे मिटत नाहीत. हरणाच्या शिकारीत हा शेवटचा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. मोठ्या कॅलिबरला बिचकून पोटात घातलेल्या गोळीपेक्षा लहान कॅलिबरची वर्मी बसलेली बरी. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडतं आणि सकाळी सापडेलच असं नाही.

आता नळी. १८५७ च्या एनफिल्डची नळी ३९ इंच, कारण मागच्या रांगेतल्या शिपायाला पुढच्याच्या खांद्यावरून बार काढायचा असे आणि संगिनीलाही लांबी लागायची. पुढे नळी आखडत गेली. लाँग ली-एनफिल्डची ३०.२ इंच होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच हत्यार द्यायचं ठरलं आणि ती २५.२ वर आली. विलायतेत केवढी ओरड झाली, आता नेम कसला लागतो म्हणून! फोर्ट विल्यमच्या वर हुगळीकाठी इशापूरला हीच आखूड रायफल बनू लागली आणि दोन महायुद्धं लढली. नेम लांबीने लागत नाही, नळीच्या सरळपणाने लागतो. लांबीने फक्त वेग वाढतो. उघड्या माशीवर नेम धरणाऱ्याला लांब नळी थोडी मदत करते, कारण दोन निशाण्यांमधलं अंतर वाढतं. दुर्बीण लावली की तोही मुद्दा संपला.

वेग तरी किती? मध्यम कॅलिबरला इंचामागे सेकंदाला साधारण २० ते ३० फूट. २४ इंची नळी २० इंची केली तर २७०० फुटांचा वेग २६०० वर येईल असं धरू. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा : शंभर यार्डांवर गोळी आधीपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त खाली येते. चितळाच्या छातीत वर्माची जागा चांगली वीतभर असते. सोलापूर-कर्जतकडच्या उघड्या माळावर काळविटामागे तीनशे यार्डांवरून नेम धरणाऱ्यांना (काळवीट हे हरण नव्हे, कुरंग, पण तो वाद पुन्हा कधी) लांब नळीचा उपयोग होता. बांबूच्या बेटात किंवा कारवीत तीच नळी दर दहा पावलांना अडकते. आखूड नळीचा तोटा एकच, बार कानठळ्या बसवतो.

म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या झाडीसाठी २० ते २२ इंच. तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरण वजनाने आपल्या चितळाच्या जवळपास, तेव्हा .२७०, .३०८ किंवा सेव्हन एमएम-झिरो एट, यातलं जे खांद्याला सोसेल ते. अडीचशे किलोच्या सांबराचा खांदा फोडायचा असता तर मी जड गोळीचा आग्रह धरला असता.

गोळी मात्र मऊ नाकाचीच घ्या. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत थ्री नॉट थ्रीची पूर्ण कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाई आणि माणूस चालतच राही, अशी फौजेची तक्रार होती. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या नाकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. १८५७ ची चरबीच्या काडतुसांची आवई उठली तेही हेच दमदम. ही मऊ नाकाची गोळी अंगात शिरताच फुलते. युद्धात ती अमानुष ठरली आणि १८९९ च्या हेग परिषदेने तिला मनाई केली. हरणाच्या बाबतीत न्याय उलटा लागतो : कवचाची गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर मैलभर पळून मरतं, फुलणारी त्याला जागीच पाडते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कवचाच्या गोळीने हरण मारायला बंदी आहे ती याचसाठी. पेटीवर ‘सॉफ्ट पॉइंट’ लिहिलेलं असेल ते बघून घ्या. दुकानदाराला दमदम कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीबद्दल.