दोन नाक्यांमधली बाटली

एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईकर पारशी गृहस्थांनी दारूबंदीच्या कायद्याविरुद्ध कोर्टात जी मागणी केली होती, ती आज वाचताना हसू येतं. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि त्याच दमात ओ-द-कोलोन, लॅव्हेंडर वॉटर. हे सगळं बाळगायचा, वापरायचा आणि परदेशातून मागवायचा हक्क त्यांना हवा होता. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं सुटली, व्हिस्की अडकली. परदेशातून माल आणणं हा केंद्राचा विषय खरा; पण माल एकदा बंदरावर उतरला की तो बाळगणं, विकणं, पिणं हे राज्याच्या अखत्यारीत, असं न्यायालयाने बजावलं. विलायती बाटलीच्या वाटेवर दोन नाके आहेत हे तेव्हा पक्कं झालं. पुढच्या पाऊणशे वर्षांत एका नाक्याने हात सैल केला की दुसऱ्याने आवळला, असं वारंवार घडत आलं आहे.

पहिली काही दशकं चोरट्या व्यापाराची. त्यावर हिंदी सिनेमाने इतकं काही दाखवून ठेवलंय की वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात दारूबंदी हळूहळू ढिली झाली, पण कायदा तोच राहिला, १९४९ चाच. म्हणून आजही स्कॉच पिणाऱ्याकडे परवाना हवा: एका दिवसाचा पाच रुपयांत, आयुष्यभराचा हजार रुपयांत. दुकानात तो कोण मागतो, हा भाग वेगळा.

आयात खऱ्या अर्थाने खुली झाली १ एप्रिल २००१ रोजी. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी वाद हरल्यावर भारताला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातनिर्बंध उठवावे लागले. दिल्लीने दार उघडलं आणि उंबरठा उंच केला. मूळ सीमाशुल्क होतंच, त्यावर ‘अतिरिक्त सीमाशुल्क’ बसवलं. बाटली जितकी स्वस्त तितका हा दर चढा, १५० टक्क्यांपर्यंत. स्वस्त स्कॉच देशी व्हिस्कीच्या पोटावर पाय देईल ही भीती त्या कोष्टकात स्पष्ट दिसते. दोन्ही शुल्कं मिळून एकूण बोजा ५५० टक्क्यांपर्यंत जाई.

युरोपने २००६ च्या नोव्हेंबरात जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, अमेरिकेने २००७ च्या मार्चमध्ये. भारताचं उत्तर चतुर होतं आणि माझ्या मते निम्मं खरंही होतं. देशी दारूवर राज्यं अबकारी कर घेतात. राज्यघटना मात्र राज्यांना तसा भरपाई-कर देशातच अन्यत्र बनलेल्या मालावर लावू देते, परदेशी मालावर नाही. मग ती कसर केंद्राने भरून काढली तर बिघडलं कुठे? पण निकालाची वाट न पाहताच जुलै २००७ मध्ये केंद्राने अतिरिक्त शुल्क काढून टाकलं. मूळ १५० टक्के राहिले.

आता दुसरा नाका जागा झाला. महाराष्ट्राने आयात मद्यावर ‘विशेष शुल्क’ बसवलं, गोव्यानेही आपलं लावलं. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपने नवी तक्रार नोंदवली, तीत या दोन राज्यांबरोबर तमिळनाडूही होता. मुंबई-पणजीचे दर संघटनेच्या दारी, जिनेव्हात चर्चेला गेले! २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा इतर बहुतेक मालासाठी राज्यांचे वेगवेगळे कर संपले; पिण्याची दारू घटनादुरुस्तीतच बाहेर ठेवली होती. महसुलाचा असा झरा कोणतं राज्य सोडेल?

त्या झऱ्याचा हिशेब चुकतो हे महाराष्ट्राला २०२१ मध्ये उमगलं. आयात स्कॉचवरचं राज्याचं शुल्क ३०० टक्के होतं आणि मुंबईत ब्लॅक लेबलची बाटली पावणेसहा हजारांच्या घरात. दिल्ली-हरियाण्यात तीच कितीतरी स्वस्त. साहजिकच बाहेरून आलेल्या आणि विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री मालाचा चोरटा धंदा तेजीत, रिकाम्या बाटल्यांत भलतंच भरणारेही त्यातच. नोव्हेंबरात शुल्क १५० टक्क्यांवर आणलं, बाटली पावणेचार हजारांच्या आसपास आली. वर्षाला शंभर कोटी मिळत. खप वाढून महसूल अडीचशे कोटींवर जाईल, असा सरकारी अंदाज होता. करकपात जनतेवर उपकार म्हणून नव्हती, गल्ल्यासाठी होती, हे सरकारने लपवलं नाही. तो प्रामाणिकपणा मला आवडला.

अलीकडे पहिला नाका पुन्हा हलतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी बर्बन व्हिस्कीवरचं शुल्क १५० वरून १०० टक्के झालं. २४ जुलैला ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचसाठी ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्के ठरले. वर्तमानपत्रांनी लगेच ‘स्कॉच निम्म्यावर’ छापण्याची घाई केली. ते गणित कच्चं आहे, कारण शुल्क लागतं बंदरातल्या किमतीवर, आणि ती दुकानातल्या किमतीचा लहानसा हिस्सा असते. शिवाय भारताकडे येणारी सगळी स्कॉच बाटलीतून येत नाही. २०२२ मध्ये फ्रान्सला मागे टाकून भारत खपाच्या आकड्यात स्कॉचचा पहिल्या क्रमांकाचा ग्राहक झाला, जवळजवळ २२ कोटी बाटल्यांएवढा माल. त्यातला मोठा भाग सुटा येतो. काही इथे बाटलीबंद होतो, टीचर्स किंवा हंड्रेड पायपर्ससारखा. बराचसा देशी व्हिस्कीत मिसळला जातो. म्हणजे करारातल्या सवलतीचा एक मोठा वाटा वरच्या फळीवरच्या बाटलीकडे न जाता या मिश्रणांकडे जाईल. आणि त्यांतल्या स्वस्त बाटल्यांवर, म्हणजे लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर, महाराष्ट्राने कराराच्या महिनाभर आधीच शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेऊन ठेवलं आहे.