उच्च दीप्तिव्याप्ती प्रतिमांचे कमांड लाइनद्वारे स्वरूपांतर : पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
सामान्य जेपीईजी प्रतिमेत प्रत्येक रंगघटकासाठी ८ बिट, म्हणजे केवळ २५६ पायऱ्या उपलब्ध असतात. प्रत्यक्ष दृश्यातील प्रकाशाची व्याप्ती याहून कितीतरी मोठी असते. पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये स्टॅनफर्ड मेमोरियल चर्चच्या अंतर्भागाची १६ छायाचित्रे, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंतच्या वेगवेगळ्या प्रकाशनकाळांत घेतलेली, एकत्र करून एकच प्रतिमा तयार केली. तीत अंधारा कोपरा आणि उन्हाने उजळलेली रंगीत काच या दोहोंची मूल्ये सुरक्षित राहिली. अशा प्रतिमांना उच्च दीप्तिव्याप्ती अर्थात एचडीआर प्रतिमा म्हणतात. त्यांचे एका फाइल स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करताना मूल्यांचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रमुख स्वरूपे :
रेडियन्स (.एचडीआर) हे स्वरूप ग्रेग वॉर्ड यांनी विकसित केले. यात एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. तीन बाइट तीन रंगांसाठी व चौथा त्या तिघांच्या सामाईक घातांकासाठी असतो. व्याप्ती प्रचंड, पण अचूकता सुमारे १ टक्का, असे त्याचे वैशिष्ट्य आहे. लाल घटक १००० असल्यास त्या पिक्सेलमधील पायरी ४ ची होते. त्यामुळे त्याच पिक्सेलमधील निळ्या घटकाचे १ हे मूल्य नेमके नोंदता येत नाही. ऋण मूल्येही यात बसत नाहीत.

इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने २००३ मध्ये मुक्त केलेल्या ओपनईएक्सआर (.ईएक्सआर) स्वरूपात प्रत्येक घटकाला १६ बिटांची 'हाफ' किंवा ३२ बिटांची 'फ्लोट' संख्या देता येते. हाफमध्ये अचूकता अधिक असते, परंतु कमाल मूल्य ६५५०४ इतकेच असते.

रूपांतराची पद्धती :
ओपनइमेजआयओ या मुक्त संचातील 'ओआयआयओटूल' या प्रोग्रामद्वारे पुढील आज्ञा देता येते. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात.)

ओआयआयओटूल चर्च.एचडीआर -डी हाफ -ओ चर्च.ईएक्सआर

'-डी' पुढे संख्येचा प्रकार व '-ओ' पुढे निर्गत फाइलचे नाव येते. हीच आज्ञा शेलमधील आवर्तनात लिहिली की शेकडो फाइलींचे रूपांतर एकाच रीतीने होते आणि केलेल्या प्रक्रियेची लेखी नोंदही राहते. संशोधनाच्या दृष्टीने हा लाभ महत्त्वाचा आहे.

ऱ्हासाची स्थाने :
रूपांतराच्या दोन दिशा समान नाहीत. रेडियन्समधील मूल्ये हाफच्या मर्यादेत असतील तर ती ओपनईएक्सआरमध्ये जशीच्या तशी उतरतात. उलट दिशेने मात्र अचूकता घटते आणि ती परत मिळत नाही.

दुसरे स्थान कमाल मर्यादेचे. मध्यान्हीच्या सूर्यबिंबाची दीप्ती प्रति चौरस मीटर सुमारे १६० कोटी कँडेला असते. पिक्सेलमध्ये निरपेक्ष एककांतील मूल्ये असतील तर हाफमध्ये सूर्याच्या जागी 'अनंत' नोंदले जाते किंवा मूल्य कमाल मर्यादेवर छाटले जाते. पहिल्या स्थितीत साऱ्या प्रतिमेची सरासरी निरर्थक ठरते. दुसऱ्या स्थितीत चूक दिसतही नाही, मात्र इमारतीतील प्रकाशाचे गणित सूर्यावाचून मांडले जाते. अशा वेळी 'हाफ' ऐवजी 'फ्लोट' लिहावे.

तिसरे स्थान प्रोग्रामच्या घडणीचे. इमेजमॅजिकच्या एचडीआरआय सुविधेविना बांधलेल्या आवृत्त्या पांढऱ्याच्या वरची मूल्ये छाटतात. आवृत्ती ७ मध्ये ही सुविधा मुळातच चालू असते, तरी आधी खात्री करणे इष्ट.

पडताळणी :
पडद्यावर दोन्ही प्रतिमा सारख्याच दिसतात, कारण पडदाच मर्यादित असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. 'ओआयआयओटूल --स्टॅट्स' ही आज्ञा किमान, कमाल व सरासरी मूल्ये, तसेच अनंत मूल्यांची संख्या दाखवते. रूपांतरापूर्वी व नंतर हे आकडे ताडून पाहावेत.

समारोप :
फाइलच्या नावाचा शेवट बदलणे म्हणजे स्वरूपांतर नव्हे. प्रत्येक स्वरूप म्हणजे संख्या लिहिण्याची स्वतंत्र रीत होय. मूळ फाइल अबाधित ठेवणे, संख्येचा प्रकार आज्ञेतच स्पष्ट लिहिणे आणि आकड्यांनी पडताळणी करणे, या तीन गोष्टी पाळल्यास मोजलेला प्रकाश मोजलेल्याच रूपात पुढील अभ्यासकाच्या हाती जातो.