पाणीवाली बाई
परवा गोरेगावच्या मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून जाताना शेजारी बसलेल्या भाचीने पाटीवरचे नाव वाचून "मावशी, या कोण गं?" असे विचारले, तेव्हा सुचले ते येथे मांडते.

वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या आणि १९५८ साली पती केशव गोरे यांच्या अकाली निधनानंतरही लोककार्य न सोडलेल्या मृणालताई १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांसाठी त्या इतक्या निष्ठेने झगडल्या, की 'पाणीवाली बाई' हे बिरुद त्यांना जनतेनेच बहाल केले.

पुढे १९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या, महागाईविरुद्ध त्यांनी लाटणे मोर्चा काढला, आणीबाणीत तुरुंगवास भोगला आणि १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या.

मला मात्र सर्वाधिक मोलाचे वाटते ते त्यांनी १९८६ साली महाराष्ट्र विधानसभेत मांडलेले, गर्भलिंगचिकित्सेविरुद्धचे अशासकीय विधेयक. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली अशी विधेयके बहुधा दप्तरीच दाखल होतात. परंतु या प्रश्नावर सभागृहात आणि सभागृहाबाहेर असा रेटा निर्माण झाला, की १९८८ साली महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला आणि केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला.