उजेडातली प्रतीके : यात्सेक माल्चेव्स्की

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ साली पोलंडची तिसरी आणि अखेरची वाटणी केली, आणि पुढे १९१८पर्यंत युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड उरला नाही. यात्सेक माल्चेव्स्की (१८५४–१९२९) या चित्रकाराचे बहुतेक आयुष्य या राज्यहीन काळातच गेले. रशियाच्या अमलाखालील रादोम येथे तो जन्मला, पण शिकला ऑस्ट्रियाच्या ताब्यातील क्राकूव्ह येथे, जिथे पोलिश भाषेला आणि कलेला काहीसा मोकळा श्वास घेता येत असे. तिथे त्याचे गुरू होते यान मातेय्को, म्हणजे पोलंडचा गतवैभवी इतिहास भव्य पटांवर उभा करणारे चित्रकार. शिष्याने मात्र राजे आणि लढाया बाजूला ठेवून १८६३च्या फसलेल्या उठावानंतर सायबेरियात धाडलेले हद्दपार लोक रंगवले, आणि तेथून तो प्रतीकवादाकडे, म्हणजे दिसणाऱ्या आकृतींतून न दिसणारी मनोवस्था सुचवणाऱ्या कलादृष्टीकडे वळला.

१८९० ते १८९४ या काळात रंगवलेले, आज पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेले ‘मेलान्कोलिया’ हे चित्र या वळणाची खूण होय. चित्रकाराच्या खोलीत, डावीकडे मागे, एक माणूस चित्रफळ्यापुढे बसलेला आहे आणि त्या फळ्यातूनच माणसांचा लोंढा बाहेर उसळतो : आधी मुले, मग विळे परजणारे तरुण, शेवटी थकलेले म्हातारे, म्हणजे पारतंत्र्याचे अख्खे शतक. उजवीकडच्या खिडकीबाहेर बाग उन्हात न्हालेली आहे, परंतु तिथवर जाऊन पोचण्याचे बळ त्या लोंढ्यात नाही, आणि खिडकीपाशी काळ्या वस्त्रांतली स्त्री उभी आहे.

प्रतीकवाद म्हटला की धुके आणि संधिप्रकाश आठवतात. माल्चेव्स्कीची प्रतीके मात्र भर उजेडात, अचूक रेखाटनाच्या शिस्तीत वावरतात. त्याच्या असंख्य आत्मचित्रांत, कधी चिलखत घालून तर कधी विचित्र टोपी चढवून बसलेल्या चित्रकाराशेजारी, अर्धमानव अर्धपशू असे फॉन शेजारच्या गावातून आल्यासारखे उभे असतात. यातली काही चित्रे पुनरुक्तीकडे झुकतात, हे मान्य करावे लागते.

मृत्यूच्या चित्रांत मात्र त्याचा हात चुकत नाही. ग्रीक पुराणातला मृत्युदेव थॅनॅटॉस पुरुष असूनही माल्चेव्स्कीने ते नाव कोयता धरलेल्या, पंख असलेल्या तरुण स्त्रीला दिले. पोलिश भाषेत मृत्यूचा शब्दच स्त्रीलिंगी आहे (मराठीत ‘मृत्यू’ पुल्लिंगी आणि ‘मरण’ नपुंसकलिंगी), त्यामुळे पोलिश पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. १९०२च्या ‘मृत्यू’ या चित्रात हीच धट्टीकट्टी स्त्री एका वृद्धाच्या पापण्यांवर अलगद बोटे ठेवते, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा विसावाच अधिक दिसतो.